नळीतलं माहेर

५ जानेवारी

देव सगळ्यांचं भलं करो.

आदरणीय,

आधी नमस्कार, आणि त्याच ओळीत आशीर्वाद. तुमचं वय मला ठाऊक नाही. कळलं की दोन्हींतलं एक खोडून टाकीन.

मी कोण ते सांगते. डीएनए तपासणाऱ्या कंपनीच्या यादीत तुमच्या नावासमोर ‘सर्वांत जवळची जुळणी’ म्हणून जी बाई दिसते, ती मी. तुमचा पत्ता माझ्या मुलीने तुमच्याकडून मागून घेतला. ती म्हणाली, “आई, मेसेज टाक ना, दोन मिनिटांचं काम.” मी म्हटलं, अनोळखी माणसाला नातेवाईक म्हणून पहिली हाक मारायची ती काय अंगठ्याने? शिवाय फोनवर बोललेलं हवेत जातं. कागदावर लिहिलं की माणूस दोनदा वाचतो आणि मगच चिडतो.

खरं सांगायचं तर मला वंशबिंश काही शोधायचा नव्हता. ती तपासणीची डबी मुलीने स्वतःसाठी मागवली होती. मग तिच्या ऑफिसातल्या कोणीतरी तिला घाबरवलं, की उद्या विमावाले रक्तातली दुखणी उकरून काढतील, म्हणून डबी तशीच कपाटात पडली. डबीवर वापरायची शेवटची तारीख होती आणि पैसे परत मिळणार नव्हते. वाया कशाला घालवा, म्हणून एका सकाळी मीच बसले आणि नळीवरच्या रेघेपर्यंत थुंकले. नेमकी पूजा झाल्यावर आठवण झाली होती. पूजेनंतर असलं काम केल्यावर मला चैन पडेना, म्हणून पुन्हा आंघोळ केली. तर हे म्हणतात, “डबी वाचवली, पण गरम पाणी गेलं ते कशात धरणार?” हे म्हणजे माझे यजमान. पाणीखात्यात मीटर वाचायचे. निवृत्त झाले, पण अजून घरातल्या प्रत्येक बादलीकडे मीटर लावल्यासारखं बघतात.

मला वाटलं होतं, निकालात ‘कोणी नाही’ असंच येणार. मी एकुलती एक. आई-वडील जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांचं घर भाड्याचं होतं, ते मालकाने दुसऱ्याला दिलं. काका, मामा, आत्या कोणी उरलेलं नाही. माहेर म्हणून दाखवायला एक दारसुद्धा नाही. आणि मुलगी म्हणते, तुझी नि या गृहस्थांची पणजोबा-पणजीची जोडी एकच असावी. मी विचारलं, असावी की आहे? ती म्हणाली, “कंपनी ‘असावी’ म्हणते, पण इतकं जुळल्यावर ‘आहे’च समज.”

तर तुम्ही माझे कोण, ते आता तुम्हीच सांगा.

आपली,
चौथ्या मजल्यावरची बहीण (सध्या कंपनीच्या भरवशावर)


१४ जानेवारी

प्रिय भगिनी,

आशीर्वाद खोडावा. मी त्रेसष्ट पूर्ण केली आहेत व आपण अठ्ठावन्न आहात असे आपल्या कन्येकडून समजते. तेव्हा मी दादा. हा मुद्दा निकाली निघाला.

मी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होतो. पूल, पाण्याच्या टाक्या व एक तुरुंग माझ्या हातून कागदावर उतरले आहेत. निवृत्तीनंतर आमचा वंशवृक्ष हाती घेतला. पुढच्या खोलीतील जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर अंथरला असून त्याची टोके कपड्यांच्या चिमट्यांनी पकडली आहेत. त्यामुळे आम्ही उभयता ताट मांडीवर घेऊन जेवतो. ही कुरकुर करते. तिला वंशाचे महत्त्व कळत नाही, कारण तिच्याकडे कोणी काही लिहून ठेवणारे नव्हते.

पणजोबांपासून खाली सर्व पुरुष मी शाईने काढले आहेत. स्त्रिया पेन्सिलने, कारण त्या लग्न होऊन जातात व विनाकारण जागा अडते. आपली चौकट मात्र मी अपवाद म्हणून शाईने आखली आहे.

कंपनीचे काम शास्त्रीय असले तरी कारकून सगळीकडे सारखेच. ‘आपला नमुना स्त्रीचा असल्याचे दिसते, कृपया माहिती तपासावी’ असे त्यांनी मला कळवले. मी त्यांना मिशीसह छायाचित्र पाठवले आहे.

आता काही प्रश्न. आपले आजोबा काय करीत? मूळ घर त्यांनी का सोडले? आणि नाक. आमच्या घराण्यात नाक मध्यावर किंचित डावीकडे वळते. आरशात पाहून कळवावे.

माहेर नसल्याविषयी आपण जे लिहिलेत ते यापुढे लिहू नये. मे महिन्यात आठ दिवस इकडे यावे. मागची खोली रिकामी असते, खिडकी पूर्वेला आहे. तेच आपले माहेर. ही म्हणते, येताना काहीही आणू नका, नुसत्या या.

आपला,
दादा


२० जानेवारी

दादा,

हा शब्द आधी पाठकोऱ्या कागदावर लिहून पाहिला. अठ्ठावन्न वर्षांत कुणाला लिहायची वेळ आली नव्हती.

नाक पाहिलं. डावीकडे वळतं. मुलगी म्हणते सरळ आहे, पण तिला आरशात बघायची सवय कुठे, ती फोनमध्ये बघते. ह्यांना विचारलं, तर म्हणाले, “लग्नापासून ते नाक कशात ना कशात खुपसलेलंच बघतोय, वळण दिसायला सवड कधी दिलीस?” तुम्ही वळण आहेच असं धरा.

मे महिन्याचं वाचलं आणि पत्र देवापुढे ठेवलं. आमच्या इमारतीतल्या बायका दर मे महिन्यात माहेरी जातात. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्या कुंड्यांना पाणी घालते, त्यांची बिलं उचलून ठेवते, किल्ल्या सांभाळते. एका वर्षी आमच्या दारामागच्या खिळ्यावर सहा बिऱ्हाडांच्या किल्ल्या होत्या. परत आल्या की मला म्हणतात, “तुमचं बरं बाई, जायची-यायची कटकट नाही.” यंदा तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यात भेटल्या तेव्हा मी आपणहून सांगितलं, “किल्लीचं दुसरीकडे बघा हं, मे महिन्यात मी माहेरी जाणार आहे.” त्या म्हणाल्या, “कुणाच्या?”

तिकीट काढलंसुद्धा. लवकर काढलं की स्वस्त पडतं.

आता आजोबांचं. ते कपडे शिवायचे. थोरल्या भावाबरोबर दुकान होतं. थोरल्याने त्यांना एक दिवस दुकानाबाहेर काढलं. कशावरून, ते आजोबा कधी बोलले नाहीत. वाटणी म्हणून फक्त एक शिलाई मशीन दिलं. ते हातगाडीवर घालून त्यांनी गाव सोडलं ते कायमचं. मशीन माझ्याकडे आहे. उशांचे अभ्रे, पडदे, ह्यांच्या लेंग्याच्या नाड्या, सगळं त्याच्यावरच. वर्षातून दोनदा तेल पाजते, कधी तक्रार नाही.

वहिनींना नमस्कार. त्यांना सांगा, मी माहेरी येणार म्हणून पाहुण्यासारखी बसून राहीन असं नाही. पण दोन दिवस बसून बघायची इच्छा आहे.

तुमची,
ताई नव्हे, धाकटीच


२९ जानेवारी

प्रिय धाकटी,

जुळले!

आमच्या आजोबांचेही दुकान होते व त्यांना एक धाकटा भाऊ होता, जो घर सोडून गेला व पुन्हा दिसला नाही. लहानपणापासून ही हकीकत ऐकत आलो. धाकटे एका सकाळी दुकानातील ‘यंत्र’ घेऊन निघून गेले व थोरल्यांनी मोठ्या मनाने तक्रार केली नाही, अशी ती आहे. यंत्र कसले, याबाबत आमच्यात एकमत नव्हते. काही जण वजनकाटा म्हणत, एक काका छापखान्याचे यंत्र म्हणत. दुकान कशाचे होते हेही नीटसे ठाऊक नव्हते. आपल्या पत्राने सर्व उलगडा झाला. दुकान कपडे शिवण्याचे व यंत्र ते शिलाईचे. याला म्हणतात संशोधन.

आपल्या आजोबांच्या चौकटीखाली मी नोंद केली आहे: ‘यंत्र घेऊन निघून गेले.’

हिनेही मशीनची चौकशी केली आहे.

आपला,
दादा


६ फेब्रुवारी

दादा,

माझे आजोबा निघून गेले नाहीत, त्यांना घालवलं. आणि मशीन घेतलं नाही, त्यांना दिलं. दिलं म्हणजेसुद्धा काय, दुकान स्वतःकडे ठेवून एक मशीन दिलं. ‘मोठ्या मनाने तक्रार केली नाही’ हे वाचून हे हसले आणि मला वाटतं ते पहिल्यांदाच माझ्या बाजूने हसले. म्हणाले, “ज्याने दुकान ठेवलं तो तक्रार कशाची करणार? दुकान जड झाल्याची?”

आजोबांनी उभ्या हयातीत दुसऱ्याच्या कापडाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही. उरलेले तुकडे पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायचे. त्यांच्या नावाखाली तुम्ही तसलं लिहिणार, आणि तेही शाईने?

आणि वहिनींनी मशीनची चौकशी केली म्हणता. केली असेल. वहिनींना सांगा, ते माझ्या आजोबांचं आहे, त्यांच्या सासऱ्यांच्या वडिलांचं नाही. घरात बायको आली की भावाचं मन फिरतं, असं बायका जिन्यात बोलत असतात. मला भाऊच नव्हता तोवर ते खरं वाटायचं नाही.

नोंद बदला, म्हणजे विषय संपला. मे महिन्याचं तिकीट तसंच आहे.

धाकटी


१५ फेब्रुवारी

माननीय भगिनी,

वंशवृक्ष भावनेवर चालत नाही. शाईची नोंद खोडल्यास ट्रेसिंग पेपर फाटतो, हे मी आपणास तांत्रिक कारण म्हणून कळवतो. आपण आपल्याकडील पुरावा पाठवल्यास कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘याबाबत मतभेद आहेत’ असे लिहिता येईल.

मागच्या खोलीला ओल आली आहे. रंगकाम काढावे लागेल व ते मे महिन्यात कुठवर आलेले असेल सांगता येत नाही. ही म्हणते ओल वगैरे काही नाही. पण तिला ओल कळत नाही.

दरम्यान कंपनीने माझ्या छायाचित्राची दखल घेतली नाही. मी वरिष्ठांकडे तक्रार केली असून त्यांनी पुन्हा एक नळी पाठवण्याचे मान्य केले आहे. एकदा माझी नोंद ‘पुरुष’ अशी दुरुस्त झाली की आपल्या दोघांच्या नात्यावर कायमचे शिक्कामोर्तब होईल.

आपला,
(वयाने) ज्येष्ठ बंधू


२४ फेब्रुवारी

दादा,

ओल पोचली.

तिकीट रद्द केलं. त्यात जी रक्कम कापली गेली ती कुठल्या खर्चात धरायची ते कळेना. ‘प्रवास’ म्हणावं तर केला नाही. शेवटी ‘नातेवाईक’ असं नवं सदर काढलं. इतकी वर्षं हिशेब ठेवते, पण या सदराची गरज पडली नव्हती.

मास्तरीणबाईंना सांगितलं, भावाच्या घराला रंग चाललाय. त्यांनी लगेच किल्ली पुढे केली. म्हणाल्या, “मग कुंड्यांचं बघाल ना?”

एक मात्र झालं. भाऊ नव्हता तेव्हा रुसायला कोणी नव्हतं. ह्यांच्यावर रुसले तर ह्यांना कळायलाच चार दिवस लागतात. आता हक्काने अबोला धरता येईल असं माणूस मिळालं. रक्ताचं नातं म्हणतात ते हेच असेल.

पण तुम्ही मुळात असे नसणार, एवढं मला कळतं. आपल्या घरातली माणसं रागावतील, पण दाराशी आलेल्याला ओल दाखवणार नाहीत. हे काम परक्या घरातून आलेल्या बाईचं आहे. तिला आपल्या पणजोबांचं काय पडलंय? तिचं रक्त कुठलं, ते तिलाच ठाऊक. तिला म्हणावं, सुखात राहा. मी काही मशीन घेऊन येत नव्हते आणि न्यायलाही येत नव्हते.

यापुढे पत्राची अपेक्षा ठेवू नये. तिकीट वाया जातं.

— धाकटी होते ती


११ एप्रिल

माननीय बाई,

‘भगिनी’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मला उरला आहे किंवा नाही, हे पुढील मजकूर वाचून आपणच ठरवावे.

कंपनीची दुसरी नळी आली. ती मी टेबलापाशी बसून, सकाळी, औषधाची गोळी घेण्यापूर्वी, माझ्या हाताने, म्हणजे तोंडाने, भरली व स्वतः कुरियरच्या हाती दिली. काल निकाल आला. मी पुरुष आहे. त्याबद्दल कंपनीने दिलगिरी व्यक्त केलेली नाही. उलट कळवले आहे की पहिली नळी व दुसरी नळी एका व्यक्तीच्या नाहीत. दुसऱ्या नळीचा आपल्याशी काडीचाही संबंध नाही.

मी हे स्वयंपाकघरात जाऊन मोठ्याने वाचून दाखवले. म्हटले, “बघ, पहिल्या वेळी यांनी कोणा भलत्याच बाईची थुंकी माझ्या नावावर खपवली.” ही भांडी विसळत होती. पाठ न वळवता म्हणाली, “भलत्या बाईची नाही, माझी.”

पुढचे ती स्वतः लिहिणार आहे. मी नको म्हटले. तिने कागद माझ्याच टेबलावरून घेतला.

मी काल दिवसभर ट्रेसिंग पेपरसमोर बसून होतो. दुकान जुळत होते. भाऊ जुळत होता. यंत्र जुळत होते. नाकसुद्धा जुळले. एवढे सगळे जुळून माणूसच चुकला, असे माझ्या नोकरीत कधी झाले नाही. पूल पडले असते.

आपल्या आजोबांची चौकट ब्लेडने खरवडून काढली आहे. कागद फाटला नाही. हे आपणास कळवणे माझे कर्तव्य आहे.

आपला,
(कोण, ते रिकामे सोडत आहे)


१३ एप्रिल

ताई,

मी ती परक्या घरातून आलेली. तुमचं फेब्रुवारीचं पत्र मी गॅसपाशी उभी राहून वाचलं. दूध उतू गेलं. तुमच्यामुळे नव्हे, मी हसत होते म्हणून. मग थोडी रडलेही, पण ते ओटा पुसताना, त्यामुळे वेगळा वेळ गेला नाही.

नळीचं असं झालं. यांना रक्तदाबाची गोळी आहे, तिने तोंडाला कोरड पडते. बसले थुंकत तासभर. एका बाजूला लिंबू ठेवलं, दुसऱ्या बाजूला वडिलांचा फोटो. कशीबशी रेघ गाठली आणि दमून झोपले. मी टेबल पुसायला गेले. ट्रेसिंग पेपरचा चिमटा सुटला, कागद उसळला आणि नळी आडवी. सगळं यांच्या थोरल्या काकांच्या चौकटीवर. मी आधी काका टिपून घेतले. यांना उठवलं असतं तर आठवडाभर ऐकून घ्यावं लागलं असतं, आणि कुरियरवाला खाली येऊन उभा. म्हटलं, थुंकीला काय नाव लिहिलेलं असतं? नळी विसळून घेतली, भरली, झाकण लावलं, दिली. मला वाटलं, ते लोक साखर-बिखर बघत असतील.

आणि मी मशीनची चौकशी केली ती अशी: “त्यांचं मशीन अजून चालतं का?” एवढंच. माझ्या मशीनचा पट्टा तुटलाय, तुम्ही पट्टा कुठून आणता ते हवं होतं. यांनी ते कसं लिहिलं ते तुम्ही वाचलंच आहे. हे नोकरीत तुरुंगसुद्धा असाच काढत असतील, खिडकी राहून जायची.

खोलीला ओल नाही. नव्हती.

आता मुद्द्याचं. तुमची जुळणी माझ्याशी आहे. म्हणजे एवढे दिवस जे आजोबा, पणजोबा चाललं होतं ते सगळं चुकीच्या दारात. यांनी आता माझ्या माहेरचा वृक्ष काढायला घेतलाय. मला विचारतात, “तुझे आजोबा काय करत?” मी म्हटलं, ते राहू द्या, आजी सांगते. माझी आजी दोर वळणाऱ्यांकडची. बंदराजवळ त्यांचा लांबलचक मांडव होता, त्यात सगळं घर उलटं चालत चालत दोर वळायचं. त्या चौघी बहिणी. चौघींना चार दिशांना दिलं, आणि पुन्हा चौघी कधी एकत्र आल्या नाहीत, असं ती सांगायची. त्यांची सासरची नावं मला ठाऊक नाहीत. तुमच्या आजीचं माहेर कुठलं? आजोबांचं नको. आजोबा पुष्कळ झाले.

आणखी एक. तुम्ही मे महिन्यात इकडे माहेरपणाला येणार होतात. ते आता कसं जमायचं? हे घर तर माझं सासर. इथे तुम्ही आलात तर तुम्ही माझ्या माहेरचं माणूस, म्हणजे मीच तुमच्यापुढे नीट वागायचं. मलाही तुमच्यासारखंच आहे. भाऊ आहे, पण वडिलांच्या मागे त्याने घर विकलं, ते मला त्यांच्या शेजारणीने सांगितलं. तेव्हापासून मे महिन्यात मी पडदे धुते.

तेव्हा हिशेब तुम्हीच करा, तुम्हाला त्याची सवय आहे म्हणतात. मी छप्पन्न, तुम्ही अठ्ठावन्न. थोरली बहीण जिथे, तिथे धाकटीचं माहेर. मी येतेय. आठ दिवस. तिकीट काढलंय, ते रद्द करून घेणार नाही, कारण माझ्याकडे ‘नातेवाईक’ असं सदर नाही.

तुमचं रक्त कुठलं, ते आता मलाही ठाऊक आहे.

तुमची,
ओल न कळणारी


२२ एप्रिल

देव सगळ्यांचं भलं करो, आणि कंपनीचंही.

धाकटे,

आता आशीर्वाद तेवढे ठेवले, नमस्कार खोडला.

तुझं पत्र आल्यावर मी ते ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, “म्हणजे मला मेहुणा मिळणार होता तो गेला आणि साडू आला. बरं झालं. साडूला निदान मान द्यावा लागत नाही.” मग थोड्या वेळाने, “ती आठ दिवस म्हणजे पाणी किती लागेल?” मी म्हटलं, लागेल तेवढं लागेल. माझ्या बहिणीच्या आंघोळीवर मीटर लावलात तर तुम्हाला तुमच्या बहिणीकडे धाडीन. बोलले आणि मीच चपापले. ‘माझ्या माहेरच्या माणसाला बोलू नका’ हे इतर बायका नवऱ्यांना म्हणतात ते किती सोपं असतं, मला माहीतच नव्हतं.

फेब्रुवारीत जे लिहिलं ते मी मागे घेत नाही. ते दादांच्या बायकोला लिहिलं होतं, आणि दादाच उरले नाहीत तिथे त्यांची बायको कुठली? तू ते दुसऱ्या कुणाचं तरी पत्र चुकून उघडलं असं समज. समजता नाही आलं, तर इथे आलीस की तोंडावर चार शब्द सुनाव. मी कामात असल्यासारखं दाखवीन, पण ऐकत असेन.

तुझा प्रश्न मात्र वाचला आणि हातातलं काम राहून गेलं. आजीचं माहेर कुठलं, मला ठाऊक नाही. आजोबा भांग कुठल्या बाजूला पाडायचे ते मला ठाऊक आहे. त्यांना दुकानातून बाहेर काढलं तेव्हा त्यांच्या अंगात कुठला सदरा होता, तेसुद्धा घरात सांगितलं जायचं. आजीविषयी कोणी काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती कधी कुठे गेली नाही, म्हणून तिला कुठे जायचं असेल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही. दुपारी सगळे झोपले की गॅलरीत उभी राहून ती रस्त्याच्या एकाच बाजूला बघत असायची. आम्हाला वाटायचं, वारा तिकडून येतो.

कालपासून मला भलभलतं आठवायला लागलंय. आजी सुतळीचा तुकडा टाकू द्यायची नाही, गाठी सोडवून गुंडाळून ठेवायची. दोर वळणाऱ्यांचीच ती, असं लगेच मनात आलं. मग स्वतःला म्हटलं, थांब. नाकाचं काय झालं ते विसरू नकोस. सुतळी काय, हेही टाकू देत नाहीत, त्यांचा कुठे दोरांशी संबंध? तेव्हा चार बहिणींपैकी एक माझी आजी असेल किंवा नसेल. नळीपुरतं आपलं नक्की आहे, बाकी आपण दोघी बसून बोलू. शाई वापरायची नाही.

दादांना, म्हणजे आता जावयांना सांग, त्यांनीही यावं. पण वंशवृक्ष आणू नये, आमच्याकडे एकच टेबल आहे आणि आम्ही त्यावर जेवतो. आमच्या घरी ते जावई म्हणून येणार, त्यामुळे त्यांना बसायला खुर्ची, वाचायला पेपर आणि बोलायला हे मिळतील. आजोबांच्या चौकटीचं वाचून बरं वाटलं. कागद फाटला नाही त्याचं मलाही समाधान आहे, असं त्यांना कळव. माणूस वाईट नाही. इतक्या प्रामाणिकपणे चुकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुझ्या मशीनच्या पट्ट्याचं माप आण. आमच्या इथे चांभाराकडून चामड्याचा कापून घेते, वर्षानुवर्षं टिकतो.

आता माझं म्हणणं नीट ऐक. इतकी वर्षं माझ्या मनात होतं की कुठेतरी जावं, कुणीतरी म्हणावं, “बस गं, आत्ताच आलीस.” हातात आयता चहा द्यावा. दोन दिवस कुणी काही सांगू नये. त्यासाठी थुंकले, पत्रं लिहिली, तिकीट काढलं, रद्द केलं, भांडले. आणि देवाने दिलं ते काय, तर मला माहेर नाही दिलं, मलाच माहेर केलं. त्याच्या हिशेबात मी सहसा बोट घालत नाही, पण आज पूजेला बसले तेव्हा फूल जरा जोरातच ठेवलं.

तरी ये. आठ दिवस तू ओट्यापाशी यायचं नाहीस. सकाळी उशिरा उठायचं, आणि उठल्यावर ‘किती उशीर झाला’ म्हणायचं नाही. मी हे सगळं इतरांच्या तोंडून ऐकलेलं आहे, कधी घेतलेलं नाही, त्यामुळे काही कमी-जास्त झालं तर सांग. मास्तरीणबाईंची किल्ली मी परत केली. म्हटलं, “यंदा जमायचं नाही, माझी बहीण माहेरपणाला येणार आहे.” त्या नेहमीसारखं “कुणाच्या?” म्हणाल्या. मी म्हटलं, “माझ्या,” आणि जिना चढून वर आले. गुडघा दुखत होता तरी न थांबता चढले.

आठ दिवसांनी निघताना माहेरवाशीण रडते आणि निरोप देणारीही रडते, असं मी कठड्यावरून दर वर्षी बघत आले आहे. मला त्याचा सराव नाही. तेव्हा तू आधी सुरुवात कर. मी बघून घेईन, आणि मग लागेन.

तुझी,
ताई